टाळू शिवून झाली, आता पुढे काय?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या मुलीचा डाव्या बाजूचा ओठ, हिरडी आणि टाळू जन्मतःच दुभंगलेली होती. ओठाचं ऑपरेशन चौथ्या महिन्यात झालं, टाळूचं तेराव्या महिन्यात. दोन्ही चांगली झाली असं सर्जन म्हणतात. आता ती साडेतीन वर्षांची आहे. भरपूर बोलते, पण नाकात बोलते. तिचं बोलणं आम्हाला कळतं, बाहेरच्यांना फारसं कळत नाही. ओठावरचा व्रण दिसतो, त्या बाजूची नाकपुडी बसकी आहे. टाळूच्या ऑपरेशनला उशीर झाला का? अजून किती ऑपरेशनं लागतील? तिला चारचौघांसारखं आयुष्य जगता येईल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, जगता येईल. अशा मुलांवर मी बरीच वर्षं ऑपरेशनं करतो आहे आणि त्यातली पुष्कळ मुलं मोठी झालेली पाहिली आहेत. ती शिकतात, नोकरी-धंदा करतात, लग्नं करतात, त्यांना मुलंबाळं होतात. साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू किंवा दोन्ही दुभंगलेली असतात. म्हणजे तुमची मुलगी ज्या वाटेने निघाली आहे त्या वाटेने जगभरातली लाखो माणसं आधीच चालून गेली आहेत. या मुलांच्या मानसिक आरोग्यावर झालेले अभ्यास पाहिले, तर बहुतेकांना गंभीर त्रास नसतो असंच दिसतं. मात्र काही ठरावीक अडचणी राहू शकतात: बोलणं, ऐकू येणं, दात, चेहऱ्याबद्दलची नाराजी, चिडवलं जाणं. त्या आपोआप सुटत नाहीत. वेळच्या वेळी पाहिल्या तर मात्र बऱ्याचशा सुटतात.

"ऑपरेशन चांगलं झालं" हे सर्जनचं वाक्य खरं असेल. पण त्याचा अर्थ एवढाच, की टाके नीट जुळले, भोक राहिलं नाही, जखम भरली. मुलीचं आयुष्य कसं चाललं आहे हे त्या वाक्यातून कळत नाही. ते कळायला दोन गोष्टी पाहाव्या लागतात. अनोळखी माणसाला तिचं बोलणं पहिल्याच वेळी कळतं का, आणि तिला स्वतःला काय वाटतं. तुमच्या पत्रात ऑपरेशनं, ओठ आणि नाक आलं आहे, बोलण्याबद्दल दोनच वाक्यं आहेत. माझ्या दृष्टीने आज सगळ्यात महत्त्वाची तीच दोन वाक्यं आहेत.

उशिराचं आधी सांगून टाकतो, म्हणजे मनातला सल जाईल. टाळू साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान शिवतात, त्यामुळे तेरावा महिना उशिराचा नाही. २०२३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात फक्त टाळू दुभंगलेल्या बाळांचे दोन गट केले होते. एका गटाचं ऑपरेशन सहाव्या महिन्यात झालं, दुसऱ्याचं बाराव्या. पाचव्या वर्षी बोलताना टाळू नीट बंद न होण्याचं प्रमाण पहिल्या गटात ८.९ टक्के होतं, दुसऱ्यात १५ टक्के. लवकर केल्याचा फायदा आहे, हे खरं. पण बाराव्या महिन्यात केलेल्या गटातही १०० पैकी ८५ मुलांची टाळू नीट बंद होत होती, हेही तितकंच खरं. शिवाय त्या चाचणीतल्या बाळांचे ओठ दुभंगलेले नव्हते आणि सहाव्या महिन्यात टाळू शिवायला अनुभवी भूलतज्ज्ञ आणि सगळी सोय हाताशी लागते. तुम्ही वेळेवरच केलं आहे.

आता बोलणं. टाळूचा मागचा भाग मऊ असतो, पडजीभ लोंबते तो. आपण प, ब, ट, क, स असे आवाज काढतो तेव्हा हा भाग वर उचलला जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकतो. नाकाकडची वाट बंद होते, तोंडात हवेचा दाब तयार होतो आणि अक्षर फुटतं. म, न, ण म्हणताना ही वाट उघडीच असते, म्हणून ही अक्षरं या मुलांना सहज येतात. दुभंगलेल्या टाळूत तिला उचलणारे स्नायू मधोमध एकमेकांना जोडलेले नसतात. ते पुढे, हाडाच्या कडेला चिकटलेले असतात. ऑपरेशनमध्ये ते सोडवून, मागे वळवून, एकमेकांना जोडावे लागतात. वरची त्वचा जुळली आणि स्नायू जुळले नाहीत, तर टाळू दिसायला बंद असते पण हलत नाही.

सगळं नीट जुळवूनही काही मुलांची टाळू आखूड पडते किंवा पुरेशी उचलली जात नाही. मग "बाबा" म्हणायला जावं आणि "मामा" ऐकू यावं, असं होतं. किंवा अक्षराबरोबर नाकातून हवा फुसकन बाहेर येते. वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे वेगळे आहेत, पण दहातल्या एक ते तीन मुलांना बोलण्यासाठी दुसरं ऑपरेशन लागतं. पहिलं ऑपरेशन बिघडलं असा त्याचा अर्थ होत नाही. ही शक्यता पहिल्या दिवशीच पालकांना सांगायला हवी, कारण न सांगितल्यामुळे पुढे पालक खचतात.

पण थांबा. अस्पष्ट बोलण्याचं आणखी एक कारण असतं आणि ते पूर्ण वेगळं आहे. टाळू उघडी असताना बाळाला तोंडात दाब धरता येत नाही, म्हणून ते दुसरी युक्ती शोधतं. हवा तोंडात अडवण्याऐवजी खाली घशातच अडवतं. "काका" म्हणताना क ऐकूच येत नाही, घशात एक झटका बसून "आ-आ" येतं. स, श यांच्या जागी घशातून घासल्यासारखा आवाज येतो. टाळू शिवली तरी ही सवय तशीच राहते, कारण मेंदूने ते अक्षर तसंच शिकून ठेवलेलं असतं. ही सवय कोणत्याही ऑपरेशनने जात नाही, ती फक्त स्पीच थेरपीने जाते. याच्या उलट, टाळू खरोखरच आखूड असेल तर कितीही थेरपी केली तरी तिची लांबी वाढत नाही. दोन्ही एकाच मुलात असू शकतं, आणि पुष्कळदा असतंच. म्हणून आधी निदान नेमकं करायचं आणि मग उपाय. वर्षानुवर्षं थेरपी चालू आहे आणि टाळू हलते का हे कोणी पाहिलेलंच नाही, अशी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मनापासून वाईट वाटतं. त्या वर्षांत मूल बोलणं कमी करायला शिकलेलं असतं.

घरी एक साधी गोष्ट करून बघा. छोटा थंड आरसा तिच्या नाकपुड्यांखाली धरा आणि तिला "पापा", "टाटा", "बाबा" म्हणायला लावा. आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून निसटते आहे. टाळूत पुढे एखादं बारीक छिद्र राहिलं असेल तरी असं होतं, त्यामुळे यावरून निष्कर्ष काढायचा नाही. तपासणी लवकर करायची, एवढंच यावरून ठरवायचं. पक्कं निदान दोन तपासण्यांनी होतं: नाकातून बारीक दुर्बीण घालून बोलताना टाळू पाहणं, किंवा बोलत असतानाचा एक्स-रे व्हिडिओ. दुर्बिणीच्या तपासणीत मुलाने सांगितलेले शब्द म्हणावे लागतात, म्हणून ती साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी नीट जमते. तोपर्यंत थेरपी थांबवायची नाही. घशातल्या सवयी मोडलेल्या असल्या की तपासणीतही टाळूची खरी हालचाल दिसते.

फुगे फुगवणं, शिट्टी वाजवणं, मेणबत्ती विझवणं यांनी टाळू मजबूत होते असं अजूनही सांगितलं जातं. खेळ म्हणून खुशाल करा, उपचार म्हणून नाही. फुंकताना टाळू बंद होणं आणि बोलताना बंद होणं या वेगळ्या क्रिया आहेत. एकीचा सराव दुसरीला उपयोगी पडतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. अक्षरं सुधारायची तर सराव अक्षरांचाच हवा. क्लेफ्टच्या, म्हणजे ओठ-टाळू दुभंगलेल्या, मुलांचा अनुभव असलेला स्पीच थेरपिस्ट शोधा, एक-एक आवाज घेऊन रोज दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं घरी खेळा. उरलेला दिवस तिला मोकळं बोलू द्या. प्रत्येक वाक्यावर "नीट बोल, परत बोल" ऐकणारं मूल हळूहळू गप्प होतं. तिने चुकीचा शब्द म्हटला तर तुम्ही बोलण्याच्या ओघात तोच शब्द बरोबर म्हणा आणि पुढे जा.

बोलण्याच्या जोडीने कान. टाळूला ताणणाऱ्या स्नायूंपैकी एक स्नायू घशापासून मधल्या कानापर्यंत जाणारी नळी उघडतो. दुभंगलेल्या टाळूत तो नीट काम करत नाही, त्यामुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. टाळू दुभंगलेल्या जवळजवळ सगळ्याच बाळांना कधी ना कधी हे होतं. ठणका नसतो, ताप नसतो, म्हणून लक्षात येत नाही. ऐकू थोडंसंच कमी येतं, तेही कधी जास्त कधी कमी. पण स आणि श यांतला फरक ऐकूच आला नाही तर मूल तो बोलणार कसा? शाळेत हेच मूल "लक्ष देत नाही" म्हणून मागे पडतं. काही मुलांना वाचनही जड जातं, आणि त्यात ऐकण्याचा वाटा आहे का हे आधी पाहायला हवं. तिची श्रवण तपासणी गेल्या सहा महिन्यांत झाली नसेल तर सगळ्यात आधी ती करा. पाणी असेल आणि टिकून राहिलं असेल तर पडद्यात बारीक नळ्या बसवतात, त्यांना ग्रोमेट म्हणतात. छोटं काम आहे.

किती ऑपरेशनं, या प्रश्नावर कोणीही आज पक्का आकडा देऊ शकत नाही, पण पुढचा रस्ता बऱ्यापैकी ठरलेला असतो. बोलण्यासाठी लागलंच तर चौथ्या ते सहाव्या वर्षाच्या आसपास: टाळू पुन्हा उघडून स्नायू मागे घेणं, टाळू लांब करणं, किंवा घशाच्या भिंतीचा पट्टा टाळूला जोडणं. या शेवटच्या प्रकारानंतर काही मुलं घोरू लागतात, झोपेत श्वास अडतो. तसं दिसलं तर लगेच सांगायचं. हिरडीतल्या फटीत हाड भरण्याचं ऑपरेशन साधारण ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान, सुळा उगवायच्या आत करतात. हाड बहुधा कमरेच्या हाडातून घेतात आणि सुळा त्या नव्या हाडातून खाली येतो. फटीशेजारचा दात अनेकदा नसतोच किंवा वेडावाकडा असतो, तारा लावाव्या लागतात. या दातांना कीड लवकर लागते. ब्रश तिथपर्यंत पोचत नाही आणि आईवडील ओठ उचलायला घाबरतात. घाबरू नका, ओठ भरून आला आहे. नाकाचं मोठं काम चेहऱ्याची वाढ संपल्यावरच.

राहिला जबडा. काहींचा वरचा जबडा वाढताना मागे राहतो आणि १६-१८ वर्षांच्या पुढे तो पुढे सरकवावा लागतो. याचं एक कारण आमचीच ऑपरेशनं आहेत, आणि पालकांना हे ठाऊक असावं असं मला वाटतं. टाळूवरच्या व्रणामुळे वाढ अडते. श्रीलंकेत कधीच ऑपरेशन न झालेल्या प्रौढांचा अभ्यास झाला होता. त्यांचे वरचे जबडे जवळजवळ नेहमीसारखे वाढले होते. मग मोठेपणीच टाळू का शिवू नये? कारण तिथेच हेही दिसलं, की वयात आल्यावर टाळू शिवली तरी बोलणं फारसं बदलत नाही. जबडा अठराव्या वर्षी पुढे आणता येतो. बोलण्याची पहिली वर्षं परत आणता येत नाहीत. म्हणून आम्ही जाणूनबुजून बोलण्याच्या बाजूने कौल देतो. आयुष्य चांगलं जाण्यासाठी बोलणं आधी का, याचं यापेक्षा स्पष्ट कारण माझ्याकडे नाही.

व्रणाबद्दल थोडक्यात. पहिले काही महिने तो लाल आणि कडक असतो, ओठ आखूड वाटतो, मग वर्ष-दीड वर्षात फिका आणि मऊ होतो. साडेतीनाव्या वर्षी जो आहे तो जवळपास स्थिर आहे. बारीक दुरुस्ती शाळेत जायच्या सुमाराला करता येते, पण ती करायलाच हवी असं नाही. दर ऑपरेशनमागे भूल आहे, वेदना आहे, बुडालेले दिवस आहेत. आणि दर वेळी मुलाला एक निरोप पोचतो, की तू अजून पुरेशी ठीक झालेली नाहीस. नातेवाईक काय म्हणतील या भीतीने केलेली दुरुस्ती मला पटत नाही आणि तसं मी पालकांना स्पष्ट सांगतो.

मग कशासाठी करायची? तिला हवी असेल तेव्हा, ती सांगू शकेल तेव्हा. पूर्वी आम्ही फोटो पाहून आणि मोजमापं घेऊन निकाल चांगला की वाईट ते ठरवत होतो. व्यंग किती मोठं आहे आणि माणसाला त्याचा किती त्रास होतो यांचा मेळ बसत नाही, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ठळक व्रण असलेली मुलगी वर्गात पुढे बसून हात वर करते. जेमतेम दिसणारी रेघ असलेला मुलगा तोंडावर हात धरूनच बोलतो. म्हणून आता मुलांनाच विचारणाऱ्या प्रश्नावल्या आहेत. त्यातली क्लेफ्ट-क्यू नावाची प्रश्नावली ८ ते २९ वयाच्या रुग्णांसाठी आहे. ती १२ देशांतल्या मुलांशी आणि तरुणांशी बोलून, त्यांच्यावर तपासून तयार झाली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत चेहरा, नाक, नाकपुड्या, ओठ, व्रण, दात, जबडा यांचे वेगवेगळे भाग आहेत. बोलणं वेगळं आहे आणि बोलण्यामुळे होणारा मनस्ताप त्याहून वेगळा. खाणंपिणं, मित्र, शाळा, स्वतःबद्दलची भावना हेही आहे. सगळं एका आकड्यात कोंबलेलं नाही, ही तिची मोठी जमेची बाजू.

एका चौदा वर्षांच्या मुलाला आईवडील नाकाच्या ऑपरेशनसाठी घेऊन आले होते. त्यांना बाहेर बसायला सांगून मी त्याला विचारलं. नाकाचं त्याला काही नव्हतं. फोनवर बोललेलं समोरच्याला कळावं, एवढंच त्याला हवं होतं. आईवडिलांचं प्रेम कमी नव्हतं, पण त्यांना दिसत होतं ते वेगळं आणि त्याला सलत होतं ते वेगळं. तेव्हापासून मी मोठ्या मुलांशी थोडा वेळ एकट्यानेच बोलतो. तुमच्या मुलीला सातव्या-आठव्या वर्षापासून प्रत्येक भेटीत तिचं मत विचारलं जाईल, असं पाहा. वयात येताना समाधान घटतं, बहुतेक अभ्यासांत लहान मुलांपेक्षा किशोरवयीनांचे अशा प्रश्नावल्यांतले गुण कमी आहेत. ते वय कठीण असतं, त्याची तयारी आजपासून होते.

तयारी म्हणजे लपवाछपवी न करणं. ऑपरेशनच्या आधीचे फोटो कपाटाच्या तळाशी ठेवू नका, घरच्या अल्बममध्ये ठेवा. मूल ते फोटो कधीतरी शोधून काढतंच, आणि लपवलेले सापडले तर त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं समजतं. आत्ताच, तिला झेपेल अशा शब्दांत सांगा: "पोटात असताना तुझा ओठ जुळायचा राहिला होता, डॉक्टरांनी जुळवला." हेच वाक्य पुढे तिच्या कामाला येईल. शाळेत कोणी विचारलं, की ते ठामपणे म्हणायचं आणि खेळाकडे वळायचं. विचारणं आणि चिडवणं यांतला फरकही तिला शिकवा. विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं, चिडवणाऱ्याची तक्रार करायची. शिक्षकांना आधी भेटून दोन गोष्टी सांगा: तिला पुढे बसवा, आणि बोलणं अस्पष्ट आहे म्हणून तोंडी परीक्षेत, नाटकात, भाषणात तिला वगळू नका. दयेपोटी कमी केलेल्या अपेक्षांनी होणारं नुकसान मी व्रणाने झालेल्या नुकसानापेक्षा मोठं पाहिलं आहे.

तुम्ही विचारलेलं नाही, पण जवळजवळ प्रत्येक आई विचारते, म्हणून लिहितो. गरोदरपणाच्या चौथ्या ते बाराव्या आठवड्यांत ओठ आणि टाळू जुळतात. त्या काळात तुम्ही काय पाहिलं, कुठे वाकलात, कोणावर रागावलात याचा काहीही संबंध नाही. अपस्माराची काही औषधं आणि धूम्रपान यांनी धोका वाढतो, बऱ्याच वेळा मात्र एकच असं कारण सापडत नाही. पुढच्या बाळाला असं होण्याची शक्यता १०० मध्ये साधारण तीन ते पाच असते. तुमची मुलगी मोठी झाल्यावर तिच्या बाळाबाबतही जवळपास तेवढीच. खालच्या ओठावर दोन बारीक खळगे असतील तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा आनुवंशिक प्रकार असू शकतो आणि शक्यता निम्म्यापर्यंत जाते. तिच्या खालच्या ओठाकडे एकदा नीट बघा आणि असे खळगे असतील तर जनुकतज्ज्ञांना भेटा.

या महिन्यात तीन कामं करा: श्रवण तपासणी, क्लेफ्टची मुलं पाहणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून बोलण्याचं मूल्यमापन आणि दातांच्या डॉक्टरांची भेट. थेरपिस्टना भेटायच्या आधी ती खेळताना बोलते त्याचं पाचेक मिनिटांचं रेकॉर्डिंग करून ठेवा, कारण अनोळखी खोलीत मुलं गप्प बसतात. अहवालात घशातल्या सवयींबद्दल काय लिहिलं आहे आणि नाकातून हवा निसटण्याबद्दल काय लिहिलं आहे, हे दोन्ही मला वेगवेगळं कळवा. टाळूचं दुसरं ऑपरेशन लागेल की नुसत्या थेरपीवर भागेल, हे त्यानंतर बोलू.